'सोबत कोण आहे?' : एकटीच्या प्रवासाची तयारी

मागच्या वर्षी आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीची रेल्वे भरतीची परीक्षा बुडाली. अभ्यास झालेला होता, अर्ज बरोबर होता, हॉल तिकीट हातात होतं. सेंटर मात्र रायपूरला आलं. नागपूरहून रायपूर म्हणजे रेल्वेने पाच-सहा तास. रेल्वे भरतीत परीक्षेचं शहर साधारण दहा दिवस आधीच कळतं. तेवढ्या दिवसांत वडिलांना कामावरून सुट्टी मिळाली नाही. भावाची स्वतःची परीक्षा होती. मामा हो म्हणाले आणि आदल्या दिवशी नाही म्हणाले. सकाळची शिफ्ट असल्यामुळे रात्री जाऊन राहावं लागणार होतं, आणि घरात एकच प्रश्न फिरत राहिला : सोबत कोण आहे?

अनुसूचित जातीच्या उमेदवाराला या परीक्षेसाठी मोफत प्रवासाचा पास मिळतो. तो फक्त उमेदवाराचा असतो, सोबत येणाऱ्याचा नसतो. म्हणजे ही मुलगी एकटी जाऊ शकते असं रेल्वेने गृहीत धरलं होतं. आपल्या घराने धरलं नव्हतं.

तिने मला हे आठवड्यानंतर सांगितलं. राग आला, पण तो तिच्या वडिलांपेक्षा स्वतःचाच जास्त आला. आम्ही कार्यकर्त्या तिला संविधानाची प्रास्ताविका पाठ करायला लावतो, १४ एप्रिलला स्टेजवर बोलायला लावतो, मोर्चात पुढे उभं करतो. तिकीट कसं काढायचं, अनोळखी शहरात रात्री दोन वाजता उतरल्यावर काय करायचं, हे आम्ही तिला कधी सांगितलं नव्हतं. हा लेख त्या चुकीची थोडी भरपाई समजा.

हा एका घराचा प्रश्न नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) मध्ये १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारलं होतं, की बाजारात, दवाखान्यात आणि गावाबाहेर तुम्हाला एकटीला जाता येतं का? तिन्ही ठिकाणी एकटीला जाता येतं अशा स्त्रिया देशात फक्त ४२ टक्के निघाल्या. यात दूरचा प्रवास नाही, रात्रीचा मुक्काम नाही. बाजार आणि दवाखाना आहे.

आता कोणी म्हणेल, आपल्या समाजातल्या बाया तर फिरतातच. खरं आहे. २० जुलै १९४२ ला नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली तेव्हा हजारोंच्या संख्येने स्त्रिया आल्या होत्या. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणाऱ्या आपल्या आया-मावश्या भाकरी बांधून निघतात, फलाटावर झोपतात, शिवाजी पार्कच्या मातीत रात्र काढतात. महाबोधी महाविहाराच्या आंदोलनासाठी बोधगयेला गेलेल्यांतही त्या होत्या. भल्याभल्यांना जमणार नाही असा हा प्रवास आहे. पण तो जथ्याचा प्रवास. तिकीट कोणीतरी काढतं, उतरायचं स्टेशन कोणीतरी सांगतं, आणि कितीतरी वेळा सहलीतही चूल बायांकडेच असते. माझी आई दोनदा बोधगयेला जाऊन आली. महाविहारात किती वेळ बसलीस असं विचारलं तर म्हणाली, "बसाले कुठं भेटलं वं? पोराईले सांभाळू का बसू?"

जथ्याची ताकद मला कमी लेखायची नाही. पण नोकरीची मुलाखत, फेलोशिपचा इंटरव्ह्यू, विद्यापीठातला प्रवेश, कोर्टातली तारीख, बदलीचं गाव, या ठिकाणी जथा येत नाही.

"बुद्धानेही मना केलं होतं"

हे वाक्य मी एका विहारात, एका शिकलेल्या उपासकाकडून ऐकलं आहे, म्हणून त्याचं उत्तर द्यायला हवं. विनयपिटकात भिक्षुणींसाठी नियम आहे की तिने एकटीने दुसऱ्या गावी जाऊ नये, एकटीने नदी ओलांडू नये, रात्री एकटीने वेगळं राहू नये. नियम आहे, तो लपवायचं कारण नाही. पण तो कशामुळे आला तेही त्याच पिटकात आहे : एकट्या भिक्षुणींना वाटेत त्रास झाला, त्या घटनांनंतर एकेक अट वाढत गेली. तो संघात राहणाऱ्या स्त्रियांसाठी, त्या काळच्या रस्त्यांसाठी केलेला बंदोबस्त होता. उपासिकेने परीक्षेला जाऊ नये असा अर्थ त्यातून काढायचा असेल तर ते आपलं म्हणणं झालं, विनयाचं नाही.

त्याच विनयात उप्पलवण्णा थेरीची गोष्ट आहे. तिच्यावर बलात्कार झाला. ती कुठे भटकत नव्हती, आपल्या कुटीत होती, आणि अट्ठकथेनुसार तो तरुण तिच्या पूर्वायुष्यातला नातेवाईक, मामाचा मुलगा होता. प्रश्न बुद्धांपुढे गेला तेव्हा निर्णय स्पष्ट होता : जिची संमती नव्हती तिचा दोष नाही. आज राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. तरी आपण मुलीला अनोळखी रस्त्याची भीती घालतो आणि काही झालंच तर "गेलीच कशाला" म्हणतो. अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो निर्णय आपल्या वस्तीत अजून पोचलेला नाही.

आणि भद्दा कुंडलकेसा? संघात येण्याआधी ती निगंठ परिव्राजिका होती. गावाच्या वेशीवर वाळूच्या ढिगात जांभळाची फांदी रोवायची, आणि माझ्याशी वाद घालायचा असेल त्याने ही फांदी तुडवावी असं आव्हान देऊन भिक्षेला जायची. सारिपुत्ताशी वादात हरली, मग संघात आली. थेरीगाथेत ती सांगते की पन्नास वर्षं ती अंग, मगध, वज्जी, काशी, कोसल या प्रदेशांत फिरली. आजच्या नकाशावर तो बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेश होतो. तीन वर्षांपूर्वी मी एकटीने केलेला पहिला मोठा प्रवास योगायोगाने तिकडचाच होता.

नऊ दिवस

फेब्रुवारी महिना होता. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास उशिरा चालतात आणि एप्रिलनंतर गयेचं ऊन सोसवत नाही, म्हणून फेब्रुवारी. नागपूरहून संघमित्रा एक्सप्रेस पकडली. बंगळुरूहून पाटण्याजवळच्या दानापूरला जाणारी ही गाडी नागपूरवरून रोज जाते. समुद्र ओलांडून श्रीलंकेला गेलेल्या अशोककन्येचं नाव गाडीला आहे, हे आईला समजावायला मला चांगलंच उपयोगी पडलं. "एकटी कायले जाते तू? कोनी सोबत नाई का?" असं ती तीन दिवस म्हणत होती. मी म्हटलं, संघमित्रा आहे सोबत. ती हसली नाही, पण डब्यात शेंगदाण्याची चटणी भरून दिली.

पंडित दीनदयाल उपाध्याय जंक्शनला, म्हणजे जुन्या मुगलसरायला, उतरले तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. स्टेशनबाहेर रिक्षावाल्यांचा गराडा होता. मी बाहेर पडलेच नाही. महिलांच्या प्रतीक्षालयात गेले, बॅगेला साखळी लावली आणि उजाडेपर्यंत बसून राहिले. शेजारी एक नर्स होती, तीही एकटी, ड्युटीवर निघालेली. तिला यात काही विशेष वाटत नव्हतं, महिन्यातून दोनदा जाते म्हणाली. आपण ज्याला धाडस म्हणतो ते कितीतरी बायांचं रोजचं काम असतं.

वाराणसीत ज्या लॉजची खोली ऑनलाइन घेतली होती, तिथला माणूस काउंटरवर म्हणाला, "अकेली लेडीज को नहीं देते." पैसे भरलेले होते. एकट्या प्रौढ स्त्रीला खोली देऊ नये असा कोणताही कायदा नाही, हे मी त्याला सांगितलं. त्याने खांदे उडवले. तिथे भांडत बसले असते तर दिवस गेला असता. माझ्या वहीत सारनाथच्या दोन धर्मशाळांचे नंबर आधीच लिहिलेले होते. पहिल्या ठिकाणी जागा नव्हती, दुसऱ्या ठिकाणी मिळाली. पैसे परत मिळवायला पुढे तीन आठवडे आणि सहा ईमेल लागले.

सारनाथला पोचले तो नेमका शुक्रवार. पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, आणि चार सिंहांचा तो अशोकस्तंभाचा शीर्षभाग त्याच संग्रहालयात आहे. हे आधी न बघणं माझी चूक. सहलीच्या बसमध्ये असते तर सिंह न बघताच पुढे गेले असते. एकटी होते, म्हणून एक दिवस थांबले. कोणाला विचारावं लागलं नाही, कोणाची मनधरणी नाही. ज्यांना घरात भाजी कोणती करायची तेही विचारून ठरवावं लागतं, त्यांना या एका दिवसाची किंमत कळेल.

संध्याकाळी धामेक स्तूपाजवळ गवतावर बसले होते. दीड-दोन तास. फोन पिशवीत. इतका वेळ रिकामं बसून राहिल्याचं मला त्याआधी आठवत नाही. मुंबईतल्या स्त्रिया आणि रस्ता या विषयावर शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉइटर?' हे २०११ साली आलेलं पुस्तक एम.ए.ला असताना वाचलं होतं. सार्वजनिक जागी बाई दिसली की तिला काहीतरी काम असलंच पाहिजे, कामाशिवाय उभं राहण्याचा हक्क तिला नाही, अशी समाजाची समजूत कशी असते हे त्यात सांगितलं आहे. परीक्षेत त्यावर उत्तर लिहून मार्क मिळवले होते. समजलं मात्र त्या गवतावर.

बोधगयेला महाविहारात मोबाइल नेता येत नाही, बाहेर जमा करावा लागतो. पहिल्यांदा थोडी धडधड झाली, कारण एकटीला फोन म्हणजेच सोबत वाटते. पण बोधिवृक्षाखाली जो शांतपणा मिळाला त्याला फोन नसणंही कारण असेल. शेजारी श्रीलंकेची एक वयस्क उपासिका बसली होती. तिला हिंदी येत नव्हतं, मला सिंहली येत नव्हतं. 'बुद्धं सरणं गच्छामि' दोघींना येत होतं. नंतर तिने मला एक केळं दिलं.

राजगीरला विश्वशांती स्तूपाकडे जाणाऱ्या जुन्या रोपवेची खुर्ची एकाच माणसाची असते. तिथे कोणी विचारत नाही, सोबत कोण आहे! गृध्रकूट सकाळी केला, दुपारी उतरले. नालंदा तिथून बारा-पंधरा किलोमीटर, आणि मग पाटण्याहून परत संघमित्रा. नऊ दिवसांचा सगळा खर्च साडेआठ हजारांत बसला.

दुसरा प्रश्न

एकट्या बाईला प्रवासात पहिला प्रश्न "अकेली हो?" असा येतो. आपल्या बाईला दुसराही येतो : "पूरा नाम?"

परतीच्या गाडीत समोरच्या सीटवर एक कुटुंब होतं. मावशी प्रेमळ होत्या, पुरी-भाजी पुढे केली, लग्नाचं विचारलं, मग आडनाव विचारलं. आडनावावरून त्यांना काही कळलं नाही, म्हणून "मतलब कौन बिरादरी?" मी "बौद्ध" म्हटलं. त्या "अच्छा" म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. पुढचे चार तास बोलणं नाही. कोणी अपमान केला नाही, काही झालं नाही. तरी तो "अच्छा" माझ्यासोबत नागपूरपर्यंत आला.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये अशाच प्रवासाच्या आठवणी लिहिल्या आहेत. त्यातली पहिली १९०१ सालची : साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली मुलं मसूर स्टेशनवर उतरली. नव्या कपड्यांतली नीटनेटकी मुलं बघून स्टेशनमास्तर आपुलकीने बोलला, जात कळल्यावर बदलला. बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडं देऊन, गाडी स्वतःच हाकायची या अटीवर मिळाली. रात्रभर पाणी मिळालं नाही. हे सगळं का झालं? वडिलांना मुलं येत असल्याचा निरोपच मिळाला नव्हता, नोकराने पत्र दिलं नव्हतं. त्या पानांत जात आहेच. पण एक निरोप न पोचल्याने केवढं होऊ शकतं तेही आहे.

जातीच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं यावर माझा काही आग्रह नाही. दिवसा, भरल्या डब्यात मी "बौद्ध" सांगते. रात्री, रिकाम्या रिक्षात सांगायला मी बांधील नाही. काही मुली विचारतात, "ताई, नवरा पुढच्या स्टेशनवर येतोय असं खोटं सांगितलं तर चौथं शील मोडतं का?" मी सांगते, खोटं बोलायची वेळ सहसा येतच नाही. "पुढे घेणारे लोक आहेत" एवढं म्हणावं, आणि ते खरं असेल अशी व्यवस्था करून निघावं.

तयारी

थेट बोधगयेपासून सुरुवात करू नका. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना राज्याच्या हद्दीत अर्धं तिकीट आहे. त्याचा उपयोग सरावासाठी करा. पहिल्यांदा सकाळी जाऊन संध्याकाळी परत. नागपूरकरांसाठी मनसर आहे, पवनी आहे, नाशिकवाल्यांना त्रिरश्मी लेणी आहेत, पुण्याच्या मुलींना कार्ले-भाजे. मग एका रात्रीचा मुक्काम. त्यानंतर परराज्य. नागपूरहून भोपाळ आणि तिथून पन्नासेक किलोमीटरवर सांची हा मधला टप्पा फार चांगला. सांचीच्या कठड्यांवर दान देणाऱ्या भिक्षुणींची आणि उपासिकांची नावं कोरलेली आहेत, कितीजणींच्या नावापुढे त्यांच्या गावाचं नावही आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोचायची वेळ. गाडी किती वाजता सुटते यापेक्षा किती वाजता पोचते ते बघा, आणि त्यात उशीर धरा. नव्या शहरात उजेडात उतरा. रात्री उतरावंच लागलं तर स्टेशन सोडू नका. प्रतीक्षालय आहे, मोठ्या स्टेशनांवर रिटायरिंग रूम आयआरसीटीसीवरून आधी घेता येते. प्रतीक्षालयासाठी तिकीट दाखवावं लागतं, म्हणून ते सांभाळा.

रेल्वेचं तिकीट ऑनलाइन काढताना 'जनरल'ऐवजी 'लेडीज' कोटा निवडून बघा. लांब पल्ल्याच्या मेल-एक्सप्रेसच्या स्लीपर वर्गात सहा बर्थ महिलांसाठी राखीव असतात, एकटीलाही मिळतात. हा कोटा कितीतरी जणींना ठाऊकच नसतो. मी वरचा बर्थ मागते. चढायला त्रास होतो, पण रात्री येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाताच्या टप्प्यात आपण नसतो. मोठी बॅग खाली साखळी-कुलपाने बांधा, पैसे आणि कागद उशाला.

गाडीत त्रास झाला तर १३९. एरवी कुठेही ११२, आणि महिला हेल्पलाइन १८१. रेल्वे सुरक्षा दलाचा 'मेरी सहेली' हा उपक्रम २०२० पासून एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांसाठी आहे, त्यांची महिला जवान सीटवर येऊन विचारपूस करते. ती आली तर दचकू नका. अजून एक : रेल्वे कायद्याच्या कलम १३९ प्रमाणे पुरुष सोबत नसलेल्या स्त्रीकडे तिकीट नसलं तरी तिला कुठल्याही आडस्टेशनवर उतरवता येत नाही. जिथून ती निघाली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण, आणि तेही दिवसाच. कलम १३९, हेल्पलाइनही १३९. यावरून फुकट प्रवास करा असं मी सांगत नाही. तिकीट हरवलं, पाकीट मारलं गेलं, तर रात्री दोन वाजता घाबरून उतरू नका, एवढंच.

पोलिसांत जायची वेळ आली आणि "हा आमच्या हद्दीतला मामला नाही" असं ऐकलं, तर 'झिरो एफआयआर' हा शब्द वापरा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घेण्याची तरतूद आहे. घरी परत येऊनही तक्रार देता येते.

राहण्याची जागा ठरवताना एक फोन करा आणि सरळ विचारा : एकट्या बाईला देता ना? फोन घेणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा. दुसरी जागा वहीत हवीच. बोधगयेत थायलंड, जपान, म्यानमार, भूतान अशा अनेक देशांचे विहार आहेत, काहींकडे राहण्याची सोय असते. पण सगळीकडे सगळ्यांना देतात असं नाही, आधी विचारलेलं बरं. खोलीत गेल्यावर आधी आतली कडी नीट लागते का बघा, मग बॅग उघडा. ओळखपत्र म्हणून मास्क्ड आधार चालतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्स द्यावी लागली तर तिच्यावर आडवं लिहा : कशासाठी, कोणत्या तारखेला.

लुंबिनीला जायचं असेल तर ते नेपाळमध्ये आहे हे विसरू नका. आपल्याला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार तिथे चालत नाही. ११२ सुद्धा नाही.

पैसे दोन ठिकाणी ठेवा. फोनवरचं पेमेंट नेमकं रेंज नसलेल्या गावात लागतं, म्हणून रोख हवीच. कुर्त्याला आतून चोरखिसा शिवून घ्या. आमच्या बचत गटातल्या शिलाईवाल्या ताई वीस रुपयांत शिवून देतात. नंबर फक्त फोनमध्ये ठेवू नका, पाच नंबर कागदावर लिहा. फोन बंद पडतो, चोरीला जातो, आणि महाविहारात तर तो बाहेरच ठेवावा लागतो. पॅड जास्तीचे घ्या. प्रवासाच्या दगदगीत पाळी पुढे-मागे होते आणि त्या स्टेशनवर ते मिळतीलच असं नाही. रेल्वेच्या संडासाच्या भीतीने पाणी न पिणाऱ्या मुली मी बघितल्या आहेत. मग तिसऱ्या दिवशी लघवीची जळजळ सुरू होते. पाणी प्या.

रिक्षात बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढा, चालकाला दिसेल असा. गया स्टेशनवरून बोधगयेला शेअर ऑटो मिळतात, बाया बसलेल्या ऑटोत बसा. आणि एखादा माणूस फार मदत करू लागला तर "नको" म्हणायला संकोच करू नका. आपल्याला लहानपणापासून नम्र राहायला शिकवलेलं असतं. प्रवासात थोडं उद्धट दिसलात तरी चालेल.

आता घर. मी आईला परवानगी मागितली नाही, माहिती दिली. तिकिटाची प्रत, राहण्याचे पत्ते, परतीची तारीख एका कागदावर लिहून भिंतीवर लावली. दादाला दिवसातून तीन मेसेज ठरले : सकाळी, पोचल्यावर, रात्री. त्याला चोवीस तास लाइव्ह लोकेशन हवं होतं. मी नाही म्हटलं. चोवीस तास कोणी बघत असेल तर मग तो एकटीचा प्रवास कसला? रात्रीच्या रिक्षात मात्र मी स्वतःच लोकेशन पाठवायचे. आणि ही माहिती एकालाच द्यायची, घरातल्या दहा जणांना नाही. दहा जणांना दिली की दहा फोन येतात, आणि एक मेसेज चुकला की सगळी वस्ती जमा होते. प्रत्येक घरात हे जमेल असं नाही. जिथे मारहाणीची भीती आहे तिथे माझा भिंतीवरचा कागद कामाचा नाही. तिथे आधी कोणातरी मोठ्या बाईला, शिक्षिकेला, कार्यकर्तीला मध्ये घ्यावं लागतं.

कार्यकर्त्यांकडे माझं मागणं साधं आहे. अभ्यासिकेत परीक्षेच्या अर्जासोबत प्रवासाचीही एक वही ठेवा. कोणत्या शहरात आपली कोण मुलगी शिकते, कोणत्या विहारात राहता येतं, कोणत्या स्टेशनचं प्रतीक्षालय बरं आहे, हे गेलेल्या मुलींनी त्यात लिहावं. आम्ही अशी वही सुरू केली. दोन साखळी-कुलपं, एक टॉर्च आणि एक पॉवर बँकही घेऊन ठेवली, लागेल तिने न्यायची. आणि मुलगी परत आली की "भीती नाही वाटली?" याआधी "काय बघितलंस?" असं विचारा.

रायपूर हुकलेल्या त्या मुलीचा दुसऱ्या भरतीचा पेपर यंदा जबलपूरला आला. मधल्या काळात ती दोनदा मनसरला आणि एकदा सांचीला एकटी जाऊन आली होती. वडील स्टेशनवर सोडायला आले, गाडी हलली तरी खिडकीशी चालत राहिले. पहाटे साडेपाचला तिचा मेसेज आला : "ताई, पोचले. वेटिंग रूममध्ये आहे, संडास स्वच्छ आहे, वहीत लिहा. साखळीची किल्ली एकच दिली तुम्ही, दुसरी कुठे आहे?"